बर्फ वितळल्यावरची औली: उन्हाळी पायवाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींकडून औलीबद्दल तेच ते प्रश्न येतात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली ही जागा आपल्याकडे बर्फासाठी आणि स्कीइंगसाठी माहीत आहे. बर्फ गेल्यावर तिथे चालायला जाणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत.

औली तर स्कीइंगची जागा. उन्हाळ्यात तिथे पाहायला काय उरतं?

स्कीइंगचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च एवढाच असतो. 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा इथे झाल्या. बर्फ कमी पडला तर यंत्राने बर्फ तयार करता यावा म्हणून डोंगरावर एक कृत्रिम तळंही बांधलेलं आहे. हिवाळ्यात पर्यटक या उतारांवरून घसरत खाली येतात. बर्फ वितळला की तेच उतार गवताने भरतात आणि गावातली गुरं तिथे चरायला येतात. खरसू ओक आणि देवदाराच्या जंगलातल्या वाटा उघड्या होतात, आणि त्या वाटा थेट हिमालयाच्या उंच कुरणांवर, म्हणजे बुग्यालांवर, नेऊन सोडतात. पायी फिरणाऱ्याला औली खरी भेटते ती या दिवसांत, असं माझं ठाम मत आहे.

नेमकं कधी जावं? मे की जून?

तुम्हाला काय पाहायचंय त्यावर ते ठरतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या वाटांवर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, जुन्या बर्फाचे पट्टे असतात. या काळात बुग्याल हिरवंगार दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. बर्फाखाली दबलेलं जुनं गवत पिवळट तपकिरी असतं आणि त्यातून नवे कोंब नुकते डोकं वर काढत असतात. फोटोत दिसणारा गडद हिरवा रंग जूनच्या मध्यापासून चढू लागतो. फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण तेव्हा पाऊस असतो आणि दरडी कोसळतात.

बुरांश, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, पाहायचा असेल तर लवकर जा. खालच्या जंगलातला लाल बुरांश मार्च-एप्रिलमध्येच फुलून जातो. वर झाडं संपतात त्या भागातल्या झुडपी जातीला फिकट गुलाबी-जांभळी फुलं मे-जूनमध्ये येतात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. एप्रिल ते जून या काळात उत्तराखंडात खालच्या चीडच्या (पाइनच्या) जंगलांना वणवे लागतात, आणि धुराने दऱ्या धुरकट होतात. कोरडं पडलेलं वर्ष असेल तर शिखरं दिवसेंदिवस अंधूक दिसतात. एक चांगला पाऊस झाला की हवा धुऊन निघते. निव्वळ शिखरांसाठीच जायचं असेल, तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ मेपेक्षा सरस आहे. पण शाळेच्या सुट्ट्या मेमध्ये असतात हे मला समजतं. तेव्हा मेमध्ये जाणार असाल तर पहाटे निघा, बाकी सगळं त्यानंतर.

महाराष्ट्रातून तिथे पोहोचायचं कसं?

रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, विमानाने डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ. ऋषिकेशहून औलीच्या खालचं गाव जोशीमठ सुमारे 250 किलोमीटर. नकाशावरचा आकडा बघून पाच तासांत पोहोचू असं समजू नका, पूर्ण दिवस धरा. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि नंदप्रयाग हे पंचप्रयागांपैकी चार लागतात. पाचवा, विष्णुप्रयाग, जोशीमठाच्या थोडा पुढे खाली दरीत आहे. यात्रेच्या दिवसांत हाच रस्ता बद्रीनाथला जाणाऱ्या गाड्यांनी भरलेला असतो. रात्री डोंगरी रस्त्यांवरची वाहतूक थांबवली जाते, म्हणून ऋषिकेशहून पहाटेच निघावं. जमत असेल तर कर्णप्रयाग किंवा पिपलकोटीला एक मुक्काम करा. अंग आंबत नाही आणि उंचीची सवय व्हायलाही मदत होते.

जोशीमठ-औली रोपवे?

योजना आखताना तो नाही असंच धरा. सुमारे 4 किलोमीटर लांबीचा हा रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला. जोशीमठहून औलीला साधारण 15 किलोमीटरचा गाडीरस्ता आहे आणि टॅक्सी मिळतात. औलीतली खुर्चीची लिफ्ट वेगळी. ती छोटी आहे आणि चालू असली तर पहिला चढ वाचवते.

जोशीमठ खचतंय म्हणतात. मग तिथे जावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. जोशीमठ, 2024 पासून अधिकृत नावाने ज्योतिर्मठ, हे गाव पूर्वी कधीतरी कोसळलेल्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेलं आहे. ही काही 2023 मध्ये कळलेली गोष्ट नव्हे. 1976 मध्येच सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने तिथल्या बांधकामांवर निर्बंध घालायला आणि उतारावरची झाडं व दगड न हलवायला सांगितलं होतं. पुढे काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याची नोंद झाली आणि शेकडो कुटुंबांना घर सोडावं लागलं.

तरीही गाव उभं आहे, लोक राहतात, आणि वाहनचालक, वाटाडे, ढाबेवाले, खच्चरवाले यांचं घर पर्यटकांवर चालतं. न जाण्याने त्यांचं भलं होत नाही. जाताना मात्र काही पाळता येतं: छोट्या घरगुती निवासात राहा, पाणी जपून वापरा, कारण सांडपाणी जमिनीत मुरणं हे तिथल्या दुखण्याचं एक कारण मानलं जातं. वाटाड्या स्थानिकच घ्या. जोरदार पाऊस सुरू असेल तर तिकडे जाण्याचा हट्ट धरू नका.

एकच दिवस हातात आहे. कुठे जाऊ?

गोरसोन बुग्याल. याबाबत दुमत नसावं.

औलीच्या वरच्या अंगाला, जिथे स्कीचे उतार संपतात, तिथून जंगलात शिरणारी वाट आहे. सुरुवातीला खरसूची जुनी, शेवाळ लोंबणारी झाडं लागतात. वाट रुळलेली आहे, चढ अंगावर येणारा नाही. जंगलातून तीनेक किलोमीटर चाललं की झाडं एकाएकी संपतात आणि समोर गवताचं प्रचंड पठार उघडतं. उंची 3,000 मीटरच्या वर. सावकाश गेलात तरी दीड-दोन तासांत पोहोचाल.

आता तिथे लगेच फोटो काढून परत फिरू नका. बहुतेक लोक तेच करतात. खच्चरावरून येतात, पहिल्या उंचवट्यावर अर्धा तास थांबतात आणि उतरतात. बुग्यालाच्या धारेवरून आणखी तासभर पुढे चाललात की गर्दी पूर्ण मागे पडते. उजवीडावीकडच्या दऱ्या उघडत जातात आणि नंदादेवी दर वळणावर थोडी वेगळी दिसते. वाटेच्या जवळच जंगलात छत्राकुंड नावाचं लहानसं कुंड आहे, तेही पाहण्यासारखं.

औलीहून सकाळी सहाला निघावं, दहाच्या आत वर असावं. उन्हाळ्यात दहा-अकरानंतर ढग शिखरांना वेढायला लागतात, आणि नंतर कितीही थांबलात तरी पडदा उघडेलच असं नाही.

समोरची शिखरं कशी ओळखायची?

सर्वांत लक्ष वेधणारी नंदादेवी, 7,816 मीटर. संपूर्णपणे भारतात असलेलं हे सर्वांत उंच शिखर. 1936 मध्ये टिलमन आणि ओडेल यांनी ते प्रथम सर केलं. तिच्या पायथ्याचं अभयारण्य 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून गिर्यारोहणाला बंद आहे, त्यामुळे तिचं दर्शन असं दुरूनच घ्यायचं.

अलीकडे दिसणारा भरभक्कम पहाड म्हणजे द्रोणागिरी, 7,066 मीटर. हनुमानाने संजीवनीसाठी उचलून नेला तो हाच, अशी श्रद्धा. त्या पहाडाच्या कुशीतल्या द्रोणागिरी गावात आजही हनुमानाची पूजा करत नाहीत, कारण आपला देव उचलून नेल्याचा राग गावाने सोडलेला नाही. आणि इकडे औलीच्या वरच्या टोकाला हनुमानाचंच मंदिर आहे. दोन्ही श्रद्धा एकमेकींसमोर, मधे फक्त एक दरी. मला ही गोष्ट फार आवडते.

याशिवाय हाथी पर्वत, घोडी पर्वत, उत्तरेला कामेट आणि माणा, बद्रीनाथच्या बाजूला नीलकंठाचा त्रिकोण. वाटाड्याला नावं विचारा. तो सांगतो तेव्हा त्यात गावकीच्या गोष्टीही येतात, त्या मोबाइलमधल्या ॲपवर मिळत नाहीत.

क्वारी पास किती अवघड आहे?

चालण्याची सवय असलेल्याला हिमालयातला पहिला मोठा ट्रेक म्हणून ही खिंड योग्य आहे. दोर, कुऱ्हाड असं तांत्रिक काही लागत नाही. खिंडीची उंची साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. ढाक-तुगासीच्या बाजूने चढून ताली, तिथून खिंड, आणि परतताना गोरसोनवरून औलीला उतरणं ही सध्याची लोकप्रिय आखणी. खुलाराच्या बाजूनेही वाट आहे. चार-पाच दिवस धरावेत. जंगलातून वर येऊन धारेला लागल्यावर चौखांबापासून द्रोणागिरीपर्यंतची रांग एकाच नजरेत येते, असं दृश्य इतक्या माफक कष्टात क्वचित मिळतं.

या वाटेला कर्झन ट्रेल असंही म्हणतात. व्हाइसरॉय कर्झन इथे येणार म्हणून 1905 च्या सुमारास ती दुरुस्त केली, असं सांगितलं जातं. पण मेंढपाळ आणि व्यापारी त्याआधी कितीतरी पिढ्या या खिंडीतून जात होते. वाट त्यांचीच.

औलीहून एका दिवसात खिंड गाठून परत येणारेही असतात. उंचीची सवय नसलेल्यांना मी ते सुचवणार नाही.

मी दर रविवारी सह्याद्रीत असतो. तेवढी तयारी पुरे ना?

पायांची तयारी पुरे, कदाचित जास्तच आहे. अलंग-मदन-कुलंग केलेल्याला गोरसोनची वाट सोपी वाटेल. फरक पडतो तो दोन ठिकाणी.

पहिला हवेचा. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर. जोशीमठचा बाजारच तिच्याहून उंच आहे, आणि तिथून तुम्ही चढायला सुरुवात करणार. 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के असतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. राजगडावर झपाझप चढणाऱ्याला इथे धाप लागते, आणि पुष्कळदा तरुण, तंदुरुस्त माणसांनाच त्रास होतो, कारण ती वेग कमी करत नाहीत.

दुसरा फरक दिवसांच्या सलगपणाचा. आपल्याकडे संध्याकाळी घरी येऊन अंग शेकता येतं. इथे थंडीत झोपून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं असतं. निघण्याआधी महिनाभर पाठीवर ओझं घेऊन सलग दोन दिवस चालण्याचा सराव करा.

विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून काय करायचं?

घाई टाळायची, हा पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय. एक रात्र जोशीमठला काढा, एक औलीला, मग वर जा. 3,000 मीटरच्या वर मुक्काम करत जाताना, झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून अधिक उंच नसावी. पाणी पीत राहा, मद्य टाळा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. ती दिसली की वर चढणं थांबवायचं. विश्रांतीने कमी झाली तर ठीक. वाढली तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. माणूस अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला तर ती जिवावरची अवस्था आहे. सोबतच्यांनी त्याला एकटं सोडू नये आणि त्याच्या «मी बरा आहे»वर विश्वास ठेवू नये. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा आजार असलेल्यांनी निघण्याआधी तपासणी करूनच यावं.

आई-बाबांना आणि लहान मुलांना नेता येईल?

औलीपर्यंत नक्की. गोरसोनही, गुडघे साथ देत असतील तर. वाट रुंद आहे आणि कुठूनही परत फिरता येतं. वाटेत बसत, गप्पा मारत जा. मुलं बोलून दाखवत नाहीत, म्हणून एरवी बडबडणारं मूल गप्प आणि किरकिरं झालं तर आधी उंचीचाच संशय घ्या.

बुग्यालवर तंबू ठोकून राहता येतं का?

नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे. कोणी «आम्ही करून देतो» म्हणालं तरी नाही म्हणा. मुक्काम जंगलातल्या ठरलेल्या जागी, वनखात्याच्या परवानगीने करायचा असतो. ही परवानगी तुमच्या गाईडकडून कागदावर पाहून घ्या.

काही जण या बंदीवर नाराज असतात, त्यांच्यासाठी थोडं अधिक. बुग्यालाचं गवत म्हणजे नुसतं गवत नव्हे. वर्षातले पाच-सहा महिने ते बर्फाखाली असतं. उरलेल्या थोड्या उबदार महिन्यांत मुळं, देठ, फूल, बी हे सगळं उरकावं लागतं. ही मुळं एकमेकांत गुंतून गोधडीसारखा एक थर बनतो आणि तोच खालची माती धरून ठेवतो. तंबूभोवती चर खणला, एकाच जागी आठवडाभर चूल पेटली, शेकडो बूट एकाच ओल्या पट्ट्यावरून गेले, की त्या थराला भोक पडतं. पुढच्या पावसात तिथून माती वाहू लागते. भोकाचं चर होतं, चराचा ओहोळ. ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात, कधी कधी भरतच नाही. म्हणून ओल्या गवतावर पसरून चालण्यापेक्षा रुळलेल्या वाटेनेच चाला, चिखल असला तरी. बूट धुता येतात.

2019 च्या जूनमध्ये औलीत एक अतिखर्चिक लग्नसोहळा झाला आणि त्यानंतर उरलेल्या कचऱ्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपला कचरा तितका नसतो, पण वेफर्सचं पाकीट आणि ओले टिश्यू तिथे तितक्याच हळू कुजतात. सगळं पिशवीत घालून परत खाली आणायचं, सॅनिटरी पॅडसुद्धा.

गाईड घ्यायलाच हवा का?

गोरसोनला वाट सापडते, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने घ्यावा. त्यापुढे हवाच. धुकं उतरलं की बुग्यालावर दिशा कळत नाही. सगळीकडे सारखंच गवत आणि गुरांच्या पायवाटा दहा दिशांना गेलेल्या. सह्याद्रीतल्या पठारांवर पावसाळ्यात चकवा लागलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कपडे आणि बूट?

मे-जूनमध्ये औलीत दिवसा हलका स्वेटरही नकोसा होतो आणि रात्री पारा एक आकडी होतो. त्यामुळे एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर असू द्या: घाम लवकर सुकणारा टी-शर्ट, फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती जीन्स नको, भिजली की सुकत नाही. बूट घोट्यापर्यंतचे, चांगल्या पकडीचे, आणि आधी वापरून रुळलेले. टोपी, गॉगल, सनस्क्रीन यांना हौस समजू नका. उंचावर ऊन थंड वाटतं आणि त्वचा भाजते. मेच्या सुरुवातीला बर्फाचे पट्टे ओलांडायचे असतील तर काठी आणि गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) बरोबर असू द्या.

वळवाचा पाऊस, गारा, विजा?

उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट आणि गारा हे तिथे नेहमीचं आहे. बुग्यालाच्या उघड्या धारेवर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. ढग काळवंडले की धार सोडून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, काठ्या बाजूला ठेवा, आणि एकमेकांपासून अंतर राखून उकिडवे बसा. दोन वाजेपर्यंत जंगलात परतलेलं असावं, असा नियमच करून टाका.

खायला काय मिळतं?

मॅगी आणि पराठे सगळीकडे. पण जोशीमठात किंवा घरगुती निवासात आधी सांगितलंत तर गढवाली जेवण मिळतं, आणि ते आपल्याला परकं वाटत नाही. मंडव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरीच. गहतची डाळ म्हणजे कुळीथ. झंगोऱ्याची खीर भगरीच्या जवळची. दोन डोंगरी मुलखांचं धान्य सारखं निघावं यात नवल नाही, तरी इतक्या दूर कुळथाचं पिठलं आठवावं याचा आनंद होतोच. बुरांशाचं सरबतही नक्की प्या.

अस्वलं असतात का?

काळं अस्वल आणि बिबट्या या जंगलांत आहेत. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने जंगलात फिरू नका, बोलत चाला. मोनाल हा रंगीत पक्षी दिसण्याची शक्यताही पहाटेचीच, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून जा. प्रत्यक्षात तुमची गाठ जास्त पडेल ती मेंढपाळांच्या भोटिया कुत्र्यांशी. बिबट्यापासून बचावासाठी त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. कळपाच्या मधून जायचं नाही. लांबून वळसा घालायचा, धावायचं नाही, आणि मेंढपाळाला हाक द्यायची.

बद्रीनाथ जोडून करता येईल?

येईल. जोशीमठहून साधारण 45 किलोमीटर. यात्रेची ऑनलाइन नोंदणी आधी करा. उंचीच्या दृष्टीने औली आधी आणि बद्रीनाथ नंतर केलेलं बरं. जोशीमठातलं नरसिंह मंदिर चुकवू नका.

काही बरंवाईट झालं तर?

112 हा आपत्कालीन क्रमांक आणि 108 ही रुग्णवाहिका. पण गोरसोनच्या पुढे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. म्हणून निघताना निवासाच्या मालकाला वाट, सोबत किती जण आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. औलीत गंभीर रुग्णासाठी मोठं रुग्णालय नाही, खाली जोशीमठला किंवा त्याहून पुढे न्यावं लागतं. त्यामुळे गाडी आणि चालक यांचा क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असू द्या, फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते.